नऊ सेकंद

पार्सलची टेप मी नखानं सोडवतो,
कात्री लावत नाही.
कुरिअरचा पोरगा विचारतो, औषधं काय काका?
व्हय, म्हणतो.
निपाणीत दुसरं कोण मागवतंय
धुऊन-पुसून काढलेल्या जुन्या पिक्चरच्या डिस्का!

कपाटात दोनशे चाळीस झाल्या.
वहीत प्रत्येकीला गुण.
आवाज, सहा : खरखर काढायच्या नादात
पावलंही काढून टाकलीत,
माणसं हवेतून चालतात.
चित्र, चार : दाणा इतका घासलाय
की हिरोच्या आईचे देवीचे वण गेले,
चेहरा मेणाचा.
काळोख, नऊ : काळ्यात काळं वेगळं दिसतं. हे क्वचित.

पिक्चर बघतोयस का तंबाखूची प्रत लावतोयस?
बायको असताना म्हणायची.
चौतीस वर्षं वखारीत पान चुरगळलं, हुंगलं,
उजेडाला धरलं, आणि एका शब्दात भाव पाडला.
तो डोळा रिटायर होत नाही.

कालच्या डबीत होडीतल्या बाईची पिक्चर होती.

चौऱ्याहत्तर साली ती आमच्या टॉकीजला आली
कोल्हापूर, हुबळी करून, अंगभर चरे घेऊन.
तिसऱ्या दिवशी मॅटिनीला फिल्म अडकली,
पडद्यावर तपकिरी फोड उठला, फुगला, फुटला.
इराप्पा मुन्नोळीनं जळकं कापलं
आणि घाईत चांगलंही थोडं.
सिमेंटचा वास, सांधा, बटन.
बाई होडीत बसली, आणि एकदम दुसरं गाव.

खाली सगळ्या बिडीच्या बायका,
खुर्चीखाली पानांच्या बुट्ट्या.
मागं वळून बघितलं न्हाई भवानीनं! कुणीतरी ओरडलं.
तीन आठवडे पिक्चर चालली,
तीन आठवडे तिला शिव्या.
पुढं चिक्कोडी, पुढं गोकाक,
तीच प्रिंट, तोच सांधा.

काल रात्री, एक तास बावीस मिनिटांनी,
ती वळली.
वल्ही थांबलेली. पदर खांद्यावरून सुटतो,
ती तो सावरत नाही.
ओठ हलतात, आवाज नाही.
नऊ सेकंद. मी मोजले, मग परत मोजले.
गुण द्यायचे राहिले.

संकेश्वरला लेकीकडं असतो इराप्पा, त्याला फोन लावला.
ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगितलं.
तिरुगि नोडताळेन? त्यानं विचारलं.
होय, म्हटलं, वळून बघते.
बराच वेळ नुसता त्याच्या घरातला कुकर ऐकू आला.
मग मराठीत : तो तुकडा कुठं गेला रे?

पाच चौकटी माझ्याकडं आहेत.
तुम्हीच दिलेल्या, शाळेत दाखवायला.
कंपासपेटीत होत्या, आता पाकिटात.
त्यात नुसती होडीची कड आणि पदर.
बल्बसमोर धरल्या तर नदी गुलाबी, आभाळ गुलाबी,
लुगडं तेवढं जरा जास्त गुलाबी,
आंबूस वास.
डिस्कवर लुगडं मोरपिशी.
आता कुणाचं खरं धरायचं?

पलीकडच्या गल्लीतून हौसाक्काला बोलावलं.
बोटं अजून बिडी वळल्यासारखी हलतात.
टीव्हीपुढं खुर्ची दिली, चहा दिला,
आणि तिथूनच लावलं.

बघितलं तिनं.
परत लाव, म्हणाली.
परत लावलं.
हे आत्ता घातलंय न्हवं ह्यांनी? नवीन?
न्हाई अक्का, तवाच होतं. आपल्यातच तेवढं तुटलंवतं.

चहावर साय आली.
म्हणजे आमी उगंच शिव्या घातल्या तिला,
हौसाक्का म्हणाली, पडद्यालाच म्हणाली बहुतेक.
मग उठताना, उंबऱ्याशी थांबून :
पर लुगडं हिरवं व्हतं.
चिंचंच्या कवळ्या पाल्यासारखं.
ह्यांस्नी काय म्हाईत!

वहीत लिहिलं.
चित्र, आठ. आवाज, सात.
रंग : कोरा ठेवलाय.