वजा एकशेदहा

टेपचं एक टोक दाजी धुरींच्या हातात,
दुसरं माझ्या. मध्ये शेहेचाळीस फूट मोचेमाड.
'ओढा' म्हटलं की दाजी ओढतात,
'सैल' म्हटलं तरी ओढतात.
सिमेंटच्या जुन्या बिलामागे मी लिहितो:
शेहेचाळीस गुणिले तीस, तेराशे ऐंशी.
कुंपणाकडे एक कोपरा माशाच्या शेपटासारखा सुटलाय,
अठरा पाया, चौदा उंची, निम्मे करून एकशेसव्वीस.
शाळेतला त्रिकोण
एवढ्या वर्षांनी पोटापाण्याला लागला.

आता वजाबाकी.
विहीर, कठड्यासकट, एकोणऐंशी.
टाकीचं झाकण बारा.
फणसाखाली लॉन धरत नाही,
सात फूट त्रिज्येची सावली, एकशेचौपन्न.
उरले बाराशे एकसष्ट.

खाली सगळा जांभा. पहार मारली की खणखणते.
मुळांना सहा इंच तरी माती हवी,
म्हणजे सहा ब्रास आणि वर थोडी.
गवत येणार बेळगावहून, आंबोलीची वळणं उतरून,
दोन फूट बाय एकचे तुकडे,
प्रत्येकाच्या पाठीला तिकडची काळी माती.
उतरलं त्याच दिवशी अंथरायचं.
थप्पीत रात्र काढली तर आतून तापतं,
पाटीत राहिलेल्या बांगड्यासारखं
आधी डोळ्यांनी कळतं, मग वासाने.

दाजी ऐकून घेतात.
मागे सड्यावर त्यांच्या पुतण्याने उडवी रचलीय,
कार्तिकातलं पिवळं गवत, वर दगड ठेवून.
'सड्यार फुकट उगावता ता कापूक मजूर गावनत नाय,
आणि तुमी ह्या इकत हाडतास?
फुटाक किती?'
मी आकडा सांगतो.
दाजी टेप सोडून देतात.
ती सळसळत येऊन माझ्या बोटावर आपटते.

आभाताई केरकर शारजाहून आल्यात,
ओटीच्या पायऱ्यांपासून पुळणीपर्यंत
त्यांना हिरवं हवंय, एकसलग,
फोटोत समुद्र त्याच्यावर ठेवल्यासारखा दिसेल असं.
मी म्हणतो, खाऱ्या वाऱ्याने पुढची कड करपेल.
करपू दे, त्या म्हणतात, पुन्हा लावू.
मी मान हलवतो. पुन्हा लावण्यात माझं काय जातं?

पण ही एक तिरपी रेघ आहे.
गडग्याच्या खिंडीतून निघते, विहिरीला अंग चोरून वळते,
सुरूच्या झाडांत शिरते.
कोणी आखलेली नाही. टाचांनी घासून
जांभा गुळगुळीत झालाय, पाटा असावा तसा.
पंचावन्न फूट लांब, दोन फूट रुंद.
यावर सहा इंच माती टाकता येईल,
वर गवतही चिकटेल, आठ दिवस.

मी नवव्या दिवसाचा हिशोब करतो.
दहा टक्के जास्तीचे धरतोच आपण:
कडेची कापाकापी, तुटकं, सुकलेलं,
ड्रायव्हर स्वतःच्या दारासाठी ठेवतो ते.
पायांसाठी मात्र कोणी टक्के ठरवलेले नाहीत.
म्हणून वेगळी ओळ घातली: वजा एकशेदहा.
उरले अकराशे एक्कावन्न,
जास्तीचे धरून बाराशे सहासष्ट,
तुकडे सहाशे तेहेतीस.

'हे एकशेदहा काय?' आभाताई बोट ठेवून विचारतात.
मी म्हणतो, 'वाट.'
'कोणाची?'

दाजी खोकतात.
लवू कुबलची बायको तेवढ्यात खिंडीतून आत आली,
डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं गोणपाट,
जमिनीवर पडलेली टेप
खाली न बघता ओलांडून गेली.
एक थेंब चौतीस फुटांच्या आकड्यावर पडला.

आभाताई बराच वेळ सुरूंकडे बघत होत्या.
मग म्हणाल्या, ट्रक कधी येईल?
मी म्हटलं, गुरुवारी.
कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला,
हो नाही, नाही नाही.

आकडे मी पेन्सिलने लिहितो.
ही ओळ तेवढी
दाजींच्या खिशातलं पेन मागून लिहिली होती.