गाव की घाव

अशोक चौकात मंगळवारी पोस्टर लागलं.
खळ वाळली नव्हती अजून,
मैनुद्दीन नदाफनं चहा बशीत ओतला आणि म्हणाला,
"नरसिंग कुडक्याल नाटक करलालाय बे. संगीत नाटक.
अठ्ठ्याहत्तरचा झाला.
गुडघे वाजतात, त्यावरच ठेका धरतो काय की."

हसलो आम्ही. मग पोस्टर नीट बघितलं.
त्यात तो नव्हताच.
एक पोरगा होता, दाढी कोरलेली,
खांद्यावर मोराच्या नक्षीची चादर,
आपण विणतो ती, परदेशी जाणारी.
"हा नरसिंग?" हत्तुरे मास्तर म्हणाले.
"त्याच्याकडं चादर कुठली?
टॉवेल असायचा. तोसुद्धा बाद मालातला,
एका कडेनं उसवलेला.
त्यानंच घाम पुसायचा, त्यातच पेटी गुंडाळायचा,
आणि पेटी मागून आणलेली."

गाणी स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा,
विडीच्या कागदावर, पगाराच्या पाकिटावर.
घरात तेलुगू, मागावर मराठी,
मुकादमासाठी कानडी राखून ठेवलेली,
गाण्यात तिन्हींचा पीळ.
पुण्याच्या लोकांना तो पीळ सोडवून
सरळ धागा करता येईल, अशी मास्तरांना भीती.
मला नाही. मला दुसरीच.

"शेवटी तो स्वतः येणार म्हणे,
खुर्चीत बसून एकच गाणं म्हणणार."
"कुठलं?"
इथं पाच जण एकदम बोलले
आणि चहावाल्यानं गॅस बारीक केला.

अंबूबाई गाजूल टोपली खाली ठेवून म्हणाली,
"हजार विड्यांचं म्हणू दे.
आधी नऊशे लिहिलं होतं त्यानं.
नऊशेला कोण मजुरी देतो रे, म्हटलं,
दारातच खोडलं बघा, उभ्या उभ्या.
नाटकात ते दाखवतील का? मी, आणि ते दार?"
कोणी काही बोललं नाही.
टोपली उचलून गेली ती, पानं सुकत होती.

आमचं गाणं ठरलेलं.
छप्पन्न गल्ल्यांत कॉपी झालेली ती एक कॅसेट,
मेळ्यात, पत्र्याच्या मांडवात भरलेली,
शेजारी कुणाचा तरी माग चालू.
*गाठ मारता मारता बोटाला आठवे*
आणि पुढच्या शब्दावर नेमका धोटा आदळतो.
खट्.
गाव की घाव?

मैनुद्दीन म्हणतो घाव.
त्याचं एक पेर मागानं नेलंय, त्याला विचारायचंच नाही.
मास्तर म्हणतात गाव. अर्थ लावून दाखवतात, दर वेळी नवा.
माझा बाप करीमनगरकडून चालत आलेला,
तो त्या जागी काहीच म्हणायचा नाही,
नुसता खट् म्हणायचा जिभेनं,
आणि पुढची ओळ धरायचा.

अडतीस वर्षं भांडलोय आम्ही.
एकदा तर दोन महिने बोलणं बंद.
नरसिंगला विचारायला चार पावलांवर होतं त्याचं घर,
तेव्हा.
कोणी गेलं नाही.

आता थिएटरात माइक चांगले असणार.
माग नसणार शेजारी.
सगळ्यांना स्वच्छ ऐकू येईल
आणि दोघांतला एक जण चुकलेला निघेल.

मास्तरांच्या नातवानं मोबाईलवर जागा दाखवल्या,
हिरवे चौकोन, तीनशेवाले, दोनशेवाले.
"कुठं बसायचं, आज्जा?"
मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"पुढं घे," मैनुद्दीन म्हणाला, "आणि मला मधे बसव.
तो शब्द आला ना,
मी खोकणार."

"मोठ्यानं खोक," मास्तर म्हणाले.
आणि चहाचे पैसे, कधी नव्हे ते,
दोघांनी एकदमच काढले.