शंभराला दहा

मंगळवार पेठेत छत्रीखाली माझं टेबल.
फाटक्या नोटा घेतो,
शंभराला दहा कापून.

शनिवारी विडीचा पगार झाला
की नरसव्वा येते.
बोटांना तंबाखूचा वास,
नोट चार घड्यांची. उघडली,
तर कडेपासून आत टाके.
चिकटपट्टी नाही. सूत.
चादरीच्या काठाचं, लाल.

"नोट कुणी शिवतं का, मावशी?"
"कापूसच आहे की.
तीस वर्षं मागावर होता आमचा माणूस,
अंगठा फिरवून सांगायचा,
कागद नाही हा."

उजेडात धरली.
मागच्या भाषांच्या उतरंडीत
माझी उर्दू सगळ्यात खाली, शाबूत.
तिच्या जरा वर तेलुगू,
तिथून सुई गेलेली,
दोन अक्षरं दोऱ्याखाली.
"वाचता येतं?"
"नाही. पण आमचं कुठलं, ते कळतं."

नव्वद मोजून दिले.
दहा कापलेच. सवय.

शिवलेली बँक घेणार नाही,
हे मला तेव्हाही माहीत होतं.
गल्ल्याच्या तळाशी आहे अजून.
सोलापूरचा उन्हाळा, हात घामेजतात,
काढून बघतो कधीकधी.
लाल रंग जरासा उतरलाय
कागदावर.
म्हणजे, कापसावर.