तौनो-तात्पुरतं

कुओपिओत जानेवारीत साडेनऊला उजाडतं,
तोवर हेल्काचा तिसरा कप झालेला असतो.
जिल्हा रुग्णालयाचं तळघर. सव्वीस सर्व्हर,
आणि त्यांच्या पोटात चारशे बारा मशीनं
जी आहेत असं नुसतं मानायचं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण इथे अंथरूण एक, निजणारे सोळा
आणि प्रत्येकाला सांगून ठेवलेलं, हे सगळं तुझंच.
सगळे एकदम कूस बदलत नाहीत,
एवढ्या भरवशावर उभा आहे एक्स-रे विभाग.

काल दोन विक्रेते येऊन गेले.
जुन्याने दर तिप्पट केला, आता कोअर मोजून,
आणि येताना केक आणला.
नव्याचा माल फुकट, पैसे फक्त सांभाळण्याचे.
दोघांचे कोट एकाच खुंटीवर.
दोघांच्याही आलेखात दुसऱ्याची रेघ बुटकी.
केक मात्र चांगला होता.

घर बदलायचं तर आधी अडगळ काढा.
हेल्का यादी उघडते, कोण नावापुरतं जागं आहे?
तीनशे एक्काहत्तरवर बोट थांबतं.
‘तौनो-तात्पुरतं’.
अकरा वर्षं चालू, एकदाही बंद नाही.
तौनोला जाऊन हा चौथा हिवाळा.

आत काम एकच. रोज पहाटे पाचला
कल्लावेसी तळ्यात रोवलेल्या काठीला विचारायचं
आणि बर्फाची जाडी लिहून ठेवायची.
पाच सेंटीमीटरला माणूस, वीसला गाडी.
तौनो म्हणायचा, बर्फ कधी नाही म्हणत नाही गं,
तो फक्त तडकतो. कान तिकडे ठेव.

काठी कधीच वाहून गेली.
मशीन अजून विचारतं,
उत्तर आलं नाही की शून्य लिहितं.
सातशे तेरा शून्यं, एकाखाली एक.

पुसून टाक, असंच नियम सांगतो.
प्रसूती विभागाला जागा हवी आहे.
हेल्का त्याची मेमरी छाटते, चिमूटभर ठेवते
आणि नव्या घरी जाणाऱ्यांच्या यादीत
त्याला सगळ्यात वर घेते.

कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘चाचणी’.
बर्फावर आधी हलक्यालाच पाठवतात.

रात्री दोनला तिने ते बंद केलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा. नऊ मिनिटं.
पंख्यांचा आवाज तेवढाच होता,
तरी ती कान देऊन उभी.

पाचला त्याने विचारलं.
शून्य.
तिने नोंद केली, पोचलं.