चालेल

रात्रीचे दोन चाळीस. लोहगाव, सहा नंबरची जागा.
डिसेंबर किती आहे ते विमानाच्या पोटाला हात लावला की कळतं.
इनामदार पंखाच्या टोकाशी टॉर्च धरून म्हणतो,
"मॅडम, इथली एक काडी गेलीये."
बोटाएवढी काडी. आभाळातून जाताना अंगावर साठलेली वीज
आभाळाला परत करायची, एवढंच तिचं काम.
पुस्तक म्हणतं, एक नसली तरी चालेल.

सतरा-सी वरचा दिवा लागत नाही. चालेल.
मागच्या संडासाची कडी दोनदा ओढावी लागते.
चालेल, पण कागद चिकटव,
आणि वहीत तारीख.

आमच्या वहीत 'उद्या' लिहिता येत नाही.
'बघू', 'सवडीनं', 'सणवार झाले की'
यांना रकानाच नाही.
तीन दिवस, दहा दिवस, एकशेवीस.
मुदत संपली की तीच फालतू कडी
अख्खं विमान जमिनीला धरून ठेवते.

दस्तूर सर विचारायचे, हातात माझाच पाना घेऊन,
"पोरी, 'चालेल'चा काळ कुठला?"
भविष्यकाळ, सर.
"मग तू सही करणारी कोण? ज्योतिषी?"

आज शेपटातलं छोटं इंजिन मेलंय,
मोठ्या दोघांना उठवणारं.
तेही चालेल. पान आहे, ओळ आहे,
ओळीखाली बारीक अक्षरांत अट:
उतराल तिथे बाहेरून हवा देणारी गाडी पाहिजे.

मी तिकडे फोन लावते.
कुणी राजबली उचलतो, आवाजावर रजई.
गाडी आहे का?
"है ना मैडम, एकदम है."
चालू आहे का?
पलीकडे कुत्रं भुंकतं, थांबतं.
"चल जाएगी."

म्हणजे हा शब्द तिकडेही पोचलाय.
शेवटची कधी सुरू केली होती, भाऊ?
"दिवाली के पहले."

मी पेनाला टोपण लावते.
इनामदार उगाच चाकाकडे बघतो.
कंट्रोलवाला फोनवर माझं आडनाव तोडून तोडून उच्चारतो,
"कुंभोजकर, पुस्तकात परवानगी आहे."
आहे ना. परवानगी आहे. हुकूम नाही.

मग मुंबईहून एक झडप निघते,
द्रुतगती मार्गानं, टेम्पोत, गोणपाटात.
काचेपलीकडे एकशेब्याऐंशी माणसं
माझं नाव माहीत नसताना मला शिव्या देतात.
एक बाई डबा उघडून थालीपीठ मोडते,
लेकाला भरवते, आणि उरलेलं शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला.

काय वाचवलं मी?
बहुधा काहीच नाही. राजबलीची गाडी
खोकत, धूर ओकत सुरू झालीही असती.
न झालेल्या गोष्टीची नोंद कुठल्या पानावर करायची
ते मला अठरा वर्षांत सापडलेलं नाही.
आणि काडी, दिवा, कडी यांवर मी सही केलीच.
काही म्हणजे काही मागे ठेवायचं नाही
असं म्हणणारा एक इंजिनिअर होता आमच्यात.
भला माणूस. त्याचं विमान हँगरात फार चकाकायचं.

सव्वानऊला ते उठलं.
आधी हवाई दलाची दोन, कान फाडत,
मग आमचं, एका काडीनं उणं.
ठिपका होईपर्यंत मी बघत नाही कधी.
आज बघितलं.

धानोरीच्या चौकात चहा.
रात्रभरच्या फोनांनी मोबाइल मेलेला,
म्हणून पाचशेची नोट.
सुदाम गल्ला हलवून दाखवतो.
"ताई, सुटे नाहीत. उद्या दिले तर चालेल?"

मी जरा जास्तच वेळ विचार करते.

"उद्या किती वाजता?"