भोकं

पहिला घेतला तो मटन स्ट्रीटवर, हातिमभाईकडे,
नळाच्या तोट्यांच्या ढिगाखालून.
अडकित्ता समजून उचलला होता.
उघडला तर आत दोन पोकळ्या,
एक वाटोळी, एक निमुळती,
आणि वर सरकती पात, शेपूट छाटायला.
टोपीच्या रिव्हॉल्व्हरचा गोळीसाचा, हातिमभाई म्हणाला,
रिव्हॉल्व्हर कुठे गेलं ते विचारू नका.

माझा धंदा दातांचा.
डॉक्टर जबड्यांचे छाप पाठवतात,
मी ठाकूरद्वारला माडीवर बसून त्यात प्लास्टर ओततो.
पोकळी बघून आत काय होतं ते ओळखायचं,
एवढंच येतं मला. त्यावर घर चाललं.

आता एकतीस आहेत.
चौदा पितळी, बाकीचे लोखंडी.
कुशीवर आकडे ठोकलेले: छत्तीस, चव्वेचाळीस,
इंचाचे शंभरावे भाग.
रॉकेलात भिजवायचे, मुठींना जुना टूथब्रश,
पोकळीला मात्र काहीही लावायचं नाही,
बोटसुद्धा.
रिव्हॉल्व्हर एकही नाही. परवाना लागतो,
आणि खरं सांगायचं तर भीती वाटते.
हेमलता म्हणते, लोक वस्तू जमवतात,
हा माणूस भोकं विकत आणतो.

शिसं घरात आणायचं नाही असं ठरलंय,
म्हणून कवळीचं गुलाबी मेण ओततो.
हिरडीच्या रंगाच्या गोळ्या निघतात,
मे महिन्यात खिडकीत ठेवल्या तर बसकण मारतात.
एका साच्यात आतून बारीक ओरखडा आहे,
त्याच्या प्रत्येक गोळीवर तीच रेघ.
ही रेघ कुणाच्या मांडीत
इथपर्यंत येतो
आणि दिवा मालवतो.

हशा नाखवा कवळी घासून घ्यायला आला, खारदांड्याहून.
फळीकडे बघून बोळक्या तोंडाने हसला:
यो त आमचे घरान पन हाय.

रविवारी गेलो. खिशात आठ हजार.
अंगणात तीन दगडांवर डबा, डब्यात शिसं,
वर राखाडी साय धरलेली.
साचा तोच. मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या,
कुशीवरचा आकडा ठोकून ठोकून सपाट,
कारण लागेल तेव्हा तो हातोडीही होतो.
ओतायच्या भोकातून सायकलचा स्पोक घालायचा,
ओतायचं, पाच म्हणायचे, आपटायचं.
गोळी पडते, आरपार भोक घेऊन.
अशा तीनशे लागतात एका पागाला, म्हणाला,
नायतर जालं पान्यावर तरंगतं, मासा खालून हसत जातो.
आज्याच्या आज्याने कुठून आणला हे ठाऊक नाही.
बंदुकीचा आहे हे मी सांगितलं.
त्याने साचा उलटसुलट करून पाहिला, पहिल्यांदा पाहावा तसा,
मग पुन्हा डब्याकडे वळला.

पैसे मी काढलेच नाहीत.
त्याला कळलं असावं.
इकाचा नाय, एवढंच म्हणाला, माझ्याकडे न बघता,
आणि एक गोळी माझ्या हातावर ठेवली.
रिक्षात बसलो तरी ती नोटांजवळ कोमट होती.

घरी येऊन एकतिसांत घालून पाहिली.
छत्तिसात अडते, चव्वेचाळिसात सैल,
मधल्या आकड्याचा साचा माझ्याकडे नाही.
दोन रात्री त्याचंच डोक्यात.
तिसऱ्या दिवशी गोळी जागेवर नव्हती.

घरात शिसं आणायचं नाही म्हणणाऱ्या हेमलतानेच
ती खिडकीच्या पडद्याच्या कोपऱ्यात शिवून टाकली होती,
भोकातून दोनदा दोरा घेऊन.
फार उडायचा, म्हणाली.
अजून पाच मिळतील का बघ.