दुसरा रकाना

पाकिटं गायधनी आणतो. खाकी, पोस्टातली.
डिंकाला जीभ लावायची सवय त्याची अजून गेली नाही.
बिटको चौकाच्या मागे, तांबोळीच्या सायकल दुकानात,
जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं बसतो
आणि लिहून देतो, यंदा कोणाला मिळणार.
सात विभाग. हरेल त्याने मिसळ द्यायची,
पापड धरून.

मी हरत नाही.

यात विद्या काही नाही.
नट वीस किलो वाळला असेल तर डोळे मिटून त्याचं नाव लिहावं.
आजाराचं नाव जितकं लांब, तितकी बाहुली जवळ.
गेल्या साली ज्याला डावललं त्याची यंदा भरपाई असते,
भूमिका कशी का असेना.
बाईने रडावं, पण नाक लाल होऊ नये.
जूनमध्ये आलेला सिनेमा परीक्षकांच्या लेखी वारला,
थंडीतला अजून कोमट असतो.
संकलनाचं बक्षीस पळापळीला.
आवाजाचं, जिथे आगगाडी आहे तिथे.

तांबोळी म्हणतो,
ताई, तुम्ही सिनेमा बघता की पंचनामा करता?

छत्तीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात काढली.
ताव समोर यायचा, शाईचा वास
रात्री माझ्या केसांतून घरी यायचा.
नजरेने चूक तेवढी शोधायची.
रेघ तुटली, आकडा घसरला, रंग कडेबाहेर गेला
की लाल खूण. बाजूला. मग कातरयंत्र.
बिनचूक ते देशभर जायचं,
एकासारखं एक.
म्हणून मला कळतं कोण जिंकणार.
ज्याच्यावर लाल खूण करता येत नाही, तो.

वहीत मात्र दुसरा रकाना आहे.
गायधनीला मी तो दाखवलेला नाही.

त्यात एक म्हातारा आहे, वाक्य विसरलेला.
विसरला तो विसरलाच, आणि मग
समोरच्या मुलाच्या खांद्यावरचा धागा काढत बसला.
त्यात एक पोर आहे,
जिची सावली तिच्याआधी भिंतीवर पोचते
आणि ती दचकते.
आणि यंदाची ती नर्स, मोजून दोन मिनिटांची.
थर्मासचं झाकण तिला लागत नाही.
फिरवते, लागत नाही, परत फिरवते,
आणि हसते. आपल्याकडे बघून नव्हे,
झाकणाकडे.
हे ठरलेलं नव्हतं. पैजेवर सांगते.

तिचं नाव शोधायला मी कॉलेज रोडच्या थिएटरात
झाडूवाला पायाशी येईपर्यंत बसले.
नर्स असं काही नव्हतंच.
'इतर' म्हणून एकोणीस नावं, बारीक, पांढरी.
तिकिटाच्या पाठीवर अकरा उतरवली,
बाकीची वर सरकून गेली.
पाय उचला आजी, तो म्हणाला.

मार्चमध्ये निकाल. सातापैकी सात.
तांबोळीने दोनदा तर्री मागितली,
गायधनीने पैसे दिले, म्हणाला, पुढच्या वर्षी बघतो तुला.
नऊ वर्षं हेच म्हणतोय.
बाहेर द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो बंद पडला होता,
लोक ढकलत होते. आम्हीही हात लावला.

पंच्याण्णव साली एक ताव आला होता माझ्यासमोर.
आकडे जरासे तिरपे,
शेवटचा नऊ ओळीतून खाली उतरलेला,
दमून पायरीवर बसावं तसा.
मी बघत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही.
मागे कर्पेसाहेब खाकरले, ते आठवतं.
पेन्सिल हातातच होती.

रात्री वही काढली.
पहिल्या रकान्यात सातही नावांपुढे बरोबरच्या खुणा केल्या,
त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.
मग तिकीट चष्म्याजवळ धरून
दुसऱ्यात अकरा नावं लिहिली, सुवाच्य,
आणि खाली आठ ओळी
मोकळ्या सोडल्या.